पाच ओंजळी मीठ

“ही डेग नव्हं, म्हैस हाय म्हैस. हिला धुवायची म्हंजे आधी हिच्या पोटात जावं लागतंय.”

हे शब्द माझ्या पोटातच उमटले, म्हणून मला जरा मोठे ऐकू आले. दैवशाला कमरेपर्यंत माझ्यात वाकली होती. एका हातात राख, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी. घासता घासता ती पुटपुटत होती.

“आन् उद्या पुन्हा आत्याबाईच बसणार चुलीपाशी. समद्यांना ठावं हाय, पण सांगणार कोणी न्हाई. म्हणतेत, दैवशाला, तू घरची हायेस, तूच सांग. मंग काय, सुनेनंच वाईट व्हायचं.”

तिला वाटलं, ऐकणारं कोणी नाही. भांड्यापुढे माणसं फार मोकळं बोलतात.

मित्रांनो, मी एक जुनी डेग आहे. तांब्याची, रुंद बुडाची, दोन माणसांनी कड्यांना धरल्याशिवाय जागची न हलणारी. दोनशे माणसांची आमटी माझ्यात एका वेळी शिजते. जालना जिल्ह्यात, घनसावंगीहून गोदावरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक लहानशी वाडी आहे. तिथल्या चर्चच्या मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या मध्यावर, संत इसिदोरच्या सणाला मला बाहेर काढतात. बाकीचे दिवस माझ्यात जुन्या मेणबत्त्या, नाताळचा कागदी तारा आणि एक मांजर राहते. मांजरीबद्दल माझी तक्रार नाही. ती निदान वर्षभर येते.

माझा जन्म जालन्याच्या बाजारात एका तांबटाच्या हातून झाला. पत्रा तापवायचा, निववायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. माझ्या अंगावर असे हजारो ठोके आहेत. ठोके बसल्याशिवाय पत्रा घट्ट होत नाही, असं तांबट म्हणायचा. हे वाक्य मी मुलांना सांगायला कचरते, कारण मोठी माणसं त्याचा भलताच अर्थ काढतात.

मला एका लग्नघरासाठी घडवलं होतं. ते लग्न मोडलं. नवरा-नवरीचं पुढे काय झालं ठाऊक नाही, मी मात्र दुकानाबाहेर उपडी पडून राहिले. मग बहात्तरचा दुष्काळ आला. तेव्हा वाडीत एक परदेशी फादर होते. मराठी मोडकंतोडकं, पण भूक हा शब्द ते बरोबर बोलायचे. त्यांनी मला बैलगाडीतून आणलं. खडी फोडणाऱ्या माणसांसाठी माझ्यात रोज पातळ डाळ शिजू लागली. कोण कोणत्या देवाचा, हे रांगेत कोणी विचारत नसे. ताटली पुढे येई, ती भरे आणि मागे जाई.

त्याच वर्षी मारिया या वाडीत सून म्हणून आली. वय एकोणीस. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर. हातावरची मेंदीही गेली नव्हती, आणि कोणीतरी तिच्या हातात माझा लांब लाकडी पळा दिला. “ढवळ,” म्हणाले. ती ढवळू लागली. तेव्हापासून पन्नासावर वर्षं झाली, ती ढवळतेच आहे. दैवशाला तिची सून.

दुष्काळ सरला तेव्हा फादरांनी चर्चच्या भिंतीवर एक चित्र लावलं. चित्रात नांगर धरलेला एक मजूर, पलीकडे पांढऱ्या बैलांची जोडी, आणि ती जोडी हाकणारा एक देवदूत. वाडीतल्या माणसांनी आधी बैलांची चौकशी केली. खांदा चांगला आहे, असं ठरलं. मग संत कोण, हे विचारलं.

फादरांनी सांगितलेली गोष्ट मी खिडकीबाहेर चुलीवर बसून ऐकली. ती अशी.

नऊशे वर्षांमागे स्पेन देशात इसिदोर नावाचा एक मजूर होता. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला. स्वतःचं गुंठाभर रान झालं नाही. त्याच्या बायकोचं नावही मारियाच. रोज पहाटे तो आधी प्रार्थनेला जायचा आणि मग औताला. सोबतच्या मजुरांनी मालकाचे कान भरले, की हा देवाच्या नावाखाली कामचुकारपणा करतो. मालक खरं-खोटं करायला बांधाआड लपून बसला. पाहतो तर काय, इसिदोरच्या औताच्या दोन्ही बाजूंनी आणखी दोन औतं चालली आहेत आणि ती देवदूत हाकत आहेत. मालक निमूट घरी गेला. मला त्या मालकाचं एक आवडतं, की पाहिल्यावर त्याने मान्य केलं.

थंडीच्या दिवसांत इसिदोर दाण्याचं पोतं घेऊन दळायला निघाला, तर झाडावर उपाशी कबुतरं बसलेली. त्याने अर्धं पोतं तिथेच ओतलं. सोबतचे हसले. पण गिरणीवर पोहोचल्यावर पीठ पुरेपूर भरलं.

आणि तिसरी गोष्ट माझ्या जातीची. एकदा तो भुकेल्या माणसांचा घोळकाच घेऊन जेवायला घरी आला. बायको म्हणाली, भांडं रिकामं झालं. तो म्हणाला, पुन्हा एकदा बघ. तिने पाहिलं, तर भांडं भरलेलं. मी चमत्काराला नाही म्हणत नाही. पण मी स्वतः भांडं आहे. मला वाटतं, त्या मारियेनेही त्या दिवशी काहीतरी केलं असणार, जे गोष्टीत आलेलं नाही. भांडं भरतं तेव्हा जवळपास एखादी बाई असतेच.

वाडीने इसिदोरचं नाव आपल्या जिभेवर बसवून घेतलं आणि तो शिदोरबाबा झाला. पेरणीच्या आधी लोक सरकीची, तुरीची पुडी त्याच्या चित्रापुढे ठेवतात. यात चर्चची माणसं असतात, तशी नसलेलीही. साहेबराव हे इथले जुने शेतकरी. घरात तुळशीमाळ, दारात तुळस. पण बियाणं आधी शिदोरबाबाला दाखवल्याशिवाय त्यांची तिफण चालत नाही. “मालकाला कोण इचारतो?” ते म्हणतात. “रानात राबलेला हाय तो. त्याला पाऊस कळतो.” मित्रांनो, हे सगळं पाहून मी पुष्कळदा विचार करते. या माणसाने पुस्तक लिहिलं नाही, मठ बांधला नाही, राजाशी भांडला नाही. राबला, वाटून खाल्लं आणि देवाला विसरला नाही. एवढ्यावर तो इतक्या लांब, इतक्या उन्हात, येऊन पोहोचला.

त्याच्या सणाचे आमच्याकडे तीन नियम आहेत. पहिला, माझ्यात डाळ-वांगंच शिजायचं, मटण नाही. नाहीतर साहेबरावांच्या घरचे माळकरी उपाशी जातील. दुसरा नियम त्या माळकरी बायकांनीच दिला. दुष्काळात त्या मदतीला यायच्या, तेव्हा म्हणाल्या, देवाच्या आधी कोणी चाखायचं नाही. परदेशी फादरांनी डोकं खाजवलं. असा नियम त्यांच्या कुठल्या पुस्तकात नव्हता. पण ते हो म्हणाले, आणि तेव्हापासून प्रार्थना होऊन आशीर्वाद दिल्याशिवाय माझ्यातल्या आमटीची चव कोणी घेत नाही. तिसरा नियम सर्वांत लाडका. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, सुरू झाली की माझ्याजवळ कोणी थांबायचं नाही. शिदोरबाबा औत सोडून प्रार्थनेला जायचा, तेव्हा देवदूत सांभाळायचे. तसे ते डेगही सांभाळतील. मग मी तासभर निखाऱ्यावर एकटी रटरटत असते. आजवर एकही देवदूत मी पाहिलेला नाही. पण करपलेही नाही.

चाखायचं नाही म्हटल्यावर मिठाचं काय? मारियाचं माप ठरलेलं. पाच ओंजळी खडेमीठ, आणि प्रत्येक ओंजळीला एक प्रार्थना. “काटा चुकंल, प्रार्थना चुकत न्हाई,” ती म्हणायची. पन्नास वर्षं चुकली नाही. लग्नांत, बारशांत माणसं म्हणायची, जेवण चांगलं होतं, पण शिदोरबाबाच्या आमटीची सर नाही. ही वाहवा मारियाची होती, पण थोडी मी माझ्याकडे ठेवून घेतली.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई लागते. ती हळूहळू झिजते. बाहेरून भांडं लखलखीत दिसतं, आणि आत मात्र एका बाजूला तांबूस डाग उघडा पडतो. भांड्याला ते आधी कळतं. मग एक दिवस त्यात ठेवलेलं कळकतं, तोंड कडू होतं, आणि लोक म्हणतात, भांडं खराब झालं. भांडं खराब झालेलं नसतं, मित्रांनो. कोणीतरी वेळेवर आत डोकावायला हवं होतं, इतकंच.

माझ्यात डोकावणारा सलीम आहे. त्याचे वडील मला कल्हई करायचे, आता तो करतो. एरवी त्याचं बसस्टँडजवळ कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान आहे, कारण कल्हईवर आता पोट भरत नाही. पण मेमध्ये तो न चुकता येतो. मला तापवतो, नवसागर भुरभुरतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने आतून गोल हात फिरवतो. पांढरा धूर उठतो आणि मी पुन्हा आरशासारखी होते. सणाच्या दिवशी चूल पेटवण्यापासून मला उतरवण्यापर्यंत तोच माझ्याजवळ असतो, मिस्साच्या वेळी तेवढा समोरच्या लिंबाखाली जाऊन बसतो. मारियाला मावशी म्हणतो.

दोन वर्षांमागे मारिया मीठ विसरली.

तिने डाळ घातली, वांगी घातली, कूट, चिंच, गूळ, सगळं घातलं. ओंजळी राहून गेल्या. मला कळत होतं, पण मला तोंड आहे, जीभ नाही. पंगत बसली. पहिला घास सगळ्यांनी घेतला आणि दोनशे माणसं एकदम गप्प झाली. मग एक जण म्हणाला, “झकास.” दुसरा म्हणाला, “लय झकास.” अळणी आमटी लोकांनी बोटं चाटून संपवली. मारिया रीतीप्रमाणे सर्वांत शेवटी जेवायला बसली, तेव्हा दैवशालेने तिच्या ताटात हळूच वरून मीठ कालवून ते ताट पुढे केलं. मारिया जेवली आणि समाधानाने उठली. वाडीने त्या दिवशी तिचं मन राखलं. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

गेल्या वर्षी ती पुन्हा विसरली. मिस्साला निघून गेली. सलीम लिंबाखाली बसला होता. मारियाचे हात मिठाच्या मडक्याकडे गेले नाहीत, हे त्याने पाहिलं होतं. चर्चमध्ये गाणी सुरू झाल्यावर तो उठला, इकडे तिकडे पाहिलं आणि मोजून पाच ओंजळी टाकल्या. प्रार्थना त्याने त्याची म्हटली. आमटी नेहमीसारखी झाली. त्याने कोणाला सांगितलं नाही.

पण त्या दिवशी एक गोष्ट फक्त मला कळली. पंगत उठल्यावर मारिया एकटीच माझ्याजवळ आली. माझ्या काठावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, “शिदोरबाबा, मिस्सात माझ्या ध्यानात आलं बघ, मीठ राह्यलं म्हणून. घाम फुटला मला. तुला हाक मारली, आन् तू टाकलंस. तुझे लय उपकार.” आणि तिने डोळे पुसले.

म्हणजे तिला कळत होतं. माझ्यासारखंच, आतून.

यंदा सणाची पहाट झाली. मला चुलीवर चढवलं. मारिया आली. पदराच्या टोकाला तिने गाठ मारलेली होती. डाळ शिजली, वांगी पडली, आणि तिने पदराकडे पाहिलं. मग मडकं ओढलं आणि एक एक ओंजळ टाकू लागली. ओठ हलत होते. पाचवी ओंजळ झाल्यावर तिने गाठ सोडली. “दरसाली तुला तरास नगं,” ती वर बघत पुटपुटली. सलीम तेव्हा विहिरीवर पाण्याला गेला होता. दैवशाला घरी भाकऱ्या थापत होती. मीठ पडलं, हे फक्त मी पाहिलं.

मग फादर आले. हे नवे फादर वसईकडचे, मिठागराच्या गावचे. त्यांच्या आधीच्या फादरांनी जाताना त्यांना चर्चच्या चाव्या दिल्या आणि कानात एक गोष्ट सांगितली होती. फादरांनी मारियाला सांगितलं, “मारियाबाई, तुम्ही व्हा पुढे, मी चुलीला आशीर्वाद देऊन येतो.” ती पुढे झाली. फादरांनी खिशातून अर्ध्या किलोचा मिठाचा पुडा काढला, माझ्यात रिकामा केला आणि घाईघाईने क्रूसाची खूण केली. ती माझ्यासाठी होती की स्वतःसाठी, कोण जाणे.

घंटा झाली. सगळे आत गेले. सलीमने चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलं आणि मडक्याजवळ आला. मडक्यात मीठ कमी दिसतंय, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण चोराला मडक्यात बघायला सवड नसते. “यंदा दोनच टाकतो,” तो स्वतःशी बोलला. “मावशीनं थोडं टाकलं असंल तर?” दोन ओंजळी पडल्या. मग तो पत्रावळी आणायला गेला.

आत बायबलचं पहिलं वाचन चालू असताना दैवशाला मागच्या दाराने बाहेर आली. घरी सासूने त्याच आठवड्यात दोनदा चहात साखरेऐवजी रवा टाकला होता. तिने दोन्ही वेळा कोणाला न सांगता तो चहा ओतून दिला होता. तिने एक ओंजळ टाकली, आणखी अर्धी उचलली, परत मडक्यात ठेवली, पुन्हा उचलली आणि टाकली.

शेवटी साहेबराव. ते चर्चमध्ये नेहमी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात. खोकल्याचं सोंग करून उठले. माझ्यापाशी येऊन त्यांनी टोपी काढली. “वहिनी, माफ करा,” म्हणाले, आणि एकच ओंजळ टाकली. पण साहेबरावांची ओंजळ म्हणजे सूप असतं.

मित्रांनो, चार जण आले. चौघांच्याही मनात माया होती. चौघांनाही वाटलं, मीठ फक्त आपणच टाकतोय. मी रटरटत राहिले. जितक्या जोराने उकळता येईल तितक्या जोराने उकळले. उतू जाऊन चूल विझवावी असंही मनात आलं, पण माझा काठ उंच आहे. तांबटाने फार चांगलं काम केलं होतं.

मिस्सा सुटली, आशीर्वाद झाला, लिंबाखालच्या मांडवात पंगत बसली. पहिला घास.

दोनशे माणसं पुन्हा एकदम गप्प झाली. या वेळी डोळ्यांत पाणीही होतं. आणि मग, देवा, ते सुरू झालं.

“झकास,” कोणीतरी म्हणालं.

“यंदा जरा चव निराळीच हाय,” साहेबराव म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला.

कोणी ताट बाजूला सारलं नाही. कोणी थुंकलं नाही. प्रत्येक जण घासभर आमटीला मूठभर भात घेत होता. पाण्याचे रांजण तळाला गेले. भात संपला. भाकऱ्या संपल्या. आणि मी अजून अर्ध्याच्या वर भरलेली. शिदोरबाबाच्या गोष्टीतल्यासारखं भांडं रिकामंच होईना. कारण तेवढं निराळं होतं.

मारिया वाढत वाढत माझ्याजवळ आली. आत वाकून पाहिलं.

“माणसं कमी आली का गं?”

“न्हाई आत्याबाई,” दैवशाला म्हणाली. “ऊन लय हाय ना. उन्हात खाणं व्हत न्हाई.”

“मंग भात कुठं गेला?”

दैवशाला ताट घ्यायला वळली. “तुम्ही बसा. तुमचं ताट मी करून आणते.”

“राहू दे.” मारियाने टोपलीतला भाकरीचा तुकडा घेतला, पळ्यातल्या आमटीत बुडवला आणि तोंडात टाकला. ती चावत राहिली. गिळलं. पाणी मागितलं नाही. सगळी पंगत हात थांबवून तिच्याकडे पाहत होती.

“सलीम,” ती म्हणाली, “इकडं ये, बाबा. मीठ टाकलंस तू?”

सलीमने मान खाली घातली. “थोडं, मावशी. दोनच ओंजळी.”

“तुम्ही बी?” दैवशालेच्या तोंडून निसटलं.

“तू बी?” सलीम म्हणाला.

साहेबराव या वेळी खरंच खोकले. “मी आपली एकच टाकली.”

“तुमची एक म्हंजे आमच्या चार, मालक,” सलीम म्हणाला.

फादरांनी रुमालाने तोंड पुसलं. “मारियाबाई, माझाही एक पुडा आहे त्यात.”

“फादर, तुम्ही बी?” मारिया म्हणाली. “आन् वर आशीर्वाद बी दिला?”

पंगतीच्या टोकाला कोणाला तरी हसू फुटलं. मग शेजारच्याला. मग साहेबरावांना, आणि सगळ्या मांडवात हसू पसरलं. मारियाही पदर तोंडाला लावून हसली, माझ्या काठाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, संपलं. सुटलो सगळे.

पण हसू ओसरल्यावर तिने पदर खाली घेतला.

“मागल्या साली कोण व्हतं?”

सलीमने हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या. “मीच होतो, मावशी. तुम्ही आत गेल्ता तवा टाकलं.”

“मी वरीसभर शिदोरबाबाला मेणबत्ती लावून राह्यले.”

“लावत जा की,” सलीम म्हणाला. “मला कोणी उठवलं लिंबाखालून, मला तरी कुठं माहीत हाय.”

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश.

“का टाकलं?”

आता हसणारं कोणी नव्हतं.

“वांगे पाणी सोडतेत,” सलीम म्हणाला. “मंग अळणी लागतं.”

“मला वाटलं, यंदा डाळ जास्त हाय,” साहेबराव म्हणाले. साठीचा, पंचवीस एकरांचा धनी, आणि खोटं बोलताना शाळेतल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

फादरांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यात त्या दिवशी पुष्कळ मीठ होतं, पण त्या गप्प बसण्याइतकं जड दुसरं काही नव्हतं. एखाद्याची लाज झाकायला जाणं चांगलंच. पण तो माणूस वर्षभर आत एकटा झिजत असतो आणि आपण बाहेरून त्याला लखलखीत म्हणत राहतो. हे मी जुनं भांडं म्हणून सांगते. आत डोकवा, आणि काय दिसलं ते त्यालाही सांगा.

शेवटी सगळ्यांचे डोळे दैवशालेकडे वळले. ती घरची. तिनेच सांगायचं. तिने पदराला हात पुसले. एक पाऊल पुढे आली.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “तुम्ही, म्हंजे तुम्हाला आजकाल…”

मारियाने पळा माझ्या काठावर टेकवला आणि सुनेचं मनगट धरलं.

“तू नगं बोलू,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडानं निघालं तर तुला जन्मभर सलंल. लोक म्हणतील, सून बोलली. मी बोलते.”

ती पंगतीकडे वळली.

“मला इसरायला व्हतंय,” मारिया म्हणाली. “मीठच न्हाई. चहात रवा पडतो, मला ठावं हाय. परवा मास्तरांचं नाव आठवंना, फोटोसमोर उभी राहून बी आठवंना. दोन वरीस झाले. तुम्ही मला सांगितलं न्हाई आन् मी तुम्हाला. आता सांगते. पळा मी इतक्यात सोडणार न्हाई. पर पुढल्या साली मला एकटीला चुलीपाशी बसवू नका. कोणीतरी जवळ बसा, आन् चुकले की तोंडावर सांगा, मारिया, तू इसरलीस म्हणून.”